शेवंतीची कणकण

"दुखतं का कुठे?" असं त्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा मेघालीला पटकन उत्तरच सुचलं नाही. वागळे इस्टेटमधल्या तिच्या प्रयोगशाळेत दर वर्षी आरोग्य तपासणीचं शिबिर भरायचं. कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला सरकवून मध्ये हिरवा पडदा टांगायचे आणि एरवी जनावरांचं रक्त तपासणारी माणसं त्या दिवशी आपापल्या बाह्या वर करून बाकावर बसायची. कोणीतरी हंबरून दाखवायचं, सगळे हसायचे. मेघालीही हसली होती. आता रिपोर्ट आले होते आणि डॉ. प्राप्ती नावाची ती कोवळ्या चेहऱ्याची मुलगी एका आकड्याभोवती पेनानं गोल काढत होती. "बाकी सगळं छान आहे, मॅडम. फक्त हे सीआरपी वाढलंय. म्हणजे शरीरात कुठेतरी दाह आहे. दात? सांधे? पोट? दुखतं का कुठे?" मेघाली म्हणाली, "नाही." "ताप? कणकण?" "नाही तसं काही." "मग महिन्याभरानं परत बघू. तुम्हाला मी काय सांगणार म्हणा, तुमचं तर रोजचं काम हे." मुलगी मोकळेपणानं हसली आणि पुढच्या माणसाला हाक मारायला वळली. मेघालीनं कागदाची घडी केली, पर्समध्ये टाकली आणि आपल्या टेबलाशी येऊन बसली. विशेष काही झालं नव्हतं. पण तो प्रश्न तिच्यासोबत टेबलापर्यंत आला होता आणि शेजारी खुर्ची ओढून बसला होता. दुखतं का कुठे, असं आपल्याला शेवटचं कोणी विचारलं, ते तिला काही केल्या आठवेना.

तिचं काम गाईंच्या रक्ताचं होतं. कासेला सूज आली, दगडी झाली, की दूध फाटतं, सड तापतो, गाय हात लावू देत नाही. हे कोणत्याही गोठेवाल्याला समजतं. पण त्याच्या आधी काही दिवस, कास वरून मऊ आणि दूध पांढरंशुभ्र असतानाच, आत काहीतरी पेटलेलं असतं. गाईचं यकृत ते ओळखतं आणि रक्तात काही प्रथिनं सोडायला लागतं. त्यातलं एक हॅप्टोग्लोबिन. निरोगी गाईच्या रक्तात ते जवळजवळ नसतंच. ते दिसलं तर छुपा कासदाह वेळेवर पकडता येईल का, याचा अभ्यास मेघालीच्या प्रयोगशाळेत चालला होता. कल्याणच्या आसपासच्या गोठ्यांतून डॉ. प्रशांत रक्ताच्या नळ्या पाठवायचे. काही आजारी गाईंच्या, काही तुलनेसाठी धडधाकट गाईंच्या. मेघालीला गाई दिसत नसत. तिला नळ्या दिसत, यंत्रात फिरवून वेगळा केलेला पिवळसर द्रव दिसे आणि मग प्लॅस्टिकच्या ताटलीतल्या छोट्या खळग्यांमध्ये हळूहळू चढणारा रंग. गडद रंग म्हणजे आग. कित्येक वर्षं ती हे करत होती आणि तिला हे काम मनापासून आवडत होतं. न बोलणाऱ्या प्राण्यानं न बोलता सांगितलेलं ऐकायचं, असं ती एकदा आईला म्हणाली होती. आई म्हणाली होती, "मग घरातल्या माणसांचं पण ऐकत जा की कधीतरी," आणि दोघी हसल्या होत्या.

आईला जाऊन तिसरं वर्ष चाललं होतं. डोंबिवलीचं घर आता मेघालीच्या एकटीचं होतं. म्हणजे कागदोपत्री अर्धं विनीतचं, तिच्या भावाचं. पण तो कॅनडात. दर रविवारी तो व्हिडिओ कॉल करायचा, फोन एखाद्या बरणीला टेकवून ठेवायचा आणि जेवणाची तयारी करता करता बोलायचा. त्यामुळे मेघालीला बरेचदा त्याचा खांदा आणि मागची खिडकी दिसायची. त्या रविवारी तिनं पर्समधला कागद बाहेर काढून ठेवला होता. "काय म्हणतेस, ठीक ना सगळं?" विनीतनं विचारलं. तो प्रेमानंच विचारायचा. पण त्या वाक्यात उत्तरही आधीच भरून ठेवलेलं असायचं, आणि मेघालीनं ते नेहमीसारखं उचललं. "ठीक." मग त्यानं तिकडच्या थंडीचं सांगितलं, तिनं लिफ्टच्या दुरुस्तीचं सांगितलं. कॉल संपल्यावर ती हॉलमध्ये सोफ्यावर आडवी झाली आणि पायाच्या अंगठ्यापासून वर येत येत स्वतःला तपासायला लागली. घोटे. गुडघे. पोटाच्या उजव्या बाजूला बोटांनी दाबून पाहिलं. जिभेनं एकेक दात चाचपला. काही दुखत नव्हतं आणि तरी सगळंच थोडं थोडं दुखत असल्यासारखं वाटायला लागलं, शांत घरात कान देऊन बसलं की फ्रिजचा, पंख्याचा, दूरच्या मिक्सरचा आवाज वेगवेगळा ऐकू यायला लागतो, तसं. खाली कोणाच्या तरी घरी पाहुणे आले होते. चपला काढल्याचे, "या या" म्हटल्याचे आवाज जिन्यातून वर येत होते. ते दार बंद झालं तशी ती उठली आणि कारण नसताना आपल्या दाराची कडी बघून आली.

सोमवारी ताटलीतल्या एका खळग्यात रंग चढला. तो चढायला नको होता, कारण ती रांग धडधाकट गाईंची होती. मेघालीनं तीच नळी पुन्हा लावली. पुन्हा तोच गडद रंग आला. नळीवरच्या चिठ्ठीत गाईचं नाव होतं : शेवंती, मोहने, मालक रंगूबाई भोईर. तिनं डॉ. प्रशांतना फोन केला. "मॅडम, त्या गाईची कास एकदम मऊ आहे," ते म्हणाले. "दूध मी स्वतः तपासलंय. खाणं जरा कमी झालंय म्हणाली म्हातारी, पण उन्हाळा आहे." "छुपा असेल," मेघाली म्हणाली. "दुधात दिसायच्या आधी रक्तात दिसतं, हेच तर आपण शोधतोय ना?" बोलताना आपला आवाज चढलाय हे तिला समजत होतं. तिला आनंद झाला होता. इतक्या दिवसांत अशी स्वच्छ, सुंदर केस मिळाली नव्हती. कास मऊ, दूध चांगलं, आणि रक्त ओरडून सांगतंय. तिनं रिपोर्टवर शेरा लिहिला : छुप्या कासदाहाची दाट शक्यता, उपचार सुरू करावेत. प्रशांत म्हणाले, "ठीक आहे, तुम्ही म्हणताय तर." त्या दुपारी तिनं कॅन्टीनमध्ये जेवताना शेजारच्या प्रियांकाला हे सगळं सांगायला सुरुवात केली. प्रियांका ऐकत होती, मान हलवत होती आणि मांडीवरच्या फोनवर उत्तरं टाइप करत होती. मेघाली वाक्याच्या मध्येच थांबली. प्रियांकाच्या ते लक्षात आलं नाही.

दहाएक दिवसांनी जयेशचा फोन आला. रंगूबाईंचा मुलगा. कल्याणला खडकपाड्याकडे राहतो, म्हणाला. आवाज नम्र होता, थकलेला होता. "मॅडम, तो रिपोर्ट तुम्हीच दिलेला ना? डॉक्टरांनी सडांमध्ये औषध सोडलं, दूध सगळं ओतून टाकायला लावलं. आईनं ते पण केलं. पण गाय आता कायच खात नाय. बसली की उठत नाय. मला एवढंच पायजे, तुम्ही लिहून द्या की ही गाय काय आता सुधरणार नाय. मग आई ऐकेल." "म्हणजे काय होईल?" मेघालीनं विचारलं. "म्हणजे मी गाय काढतो आणि आईला घरी घेऊन येतो. आजूबाजूला सगळी कामं चाललीत टॉवरची. एकटी राहते ती तिथे. रात्रीबेरात्री काय झालं तर? मी दहा वेळा बोललो तिला. बोलते, शेवंतीला कोण बघणार. मी काय कसाई नाय, मॅडम. पण आईसाठी बोलतोय." मेघालीला त्याचा राग येईना. तिनं सांगितलं, "बघितल्याशिवाय मी काही लिहू शकत नाही." हे वाक्य बोलल्यावर तिचं तिलाच जरा विचित्र वाटलं, कारण आजवर तिनं सगळं न बघताच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली. कल्याणहून रिक्षेनं मोहन्याला गेली. बंद पडलेल्या रेयॉन कारखान्याची लांबलचक भिंत संपता संपेना. तिच्या कडेला भाजीच्या गाड्या, मोबाईलची दुकानं, मग अचानक एक मोकळा तुकडा आणि त्यावर अर्ध्यापर्यंत चढलेली इमारत. सळया वर आकाशात निघालेल्या. त्या इमारतीच्या कुंपणाला लागूनच पत्र्याचा गोठा होता. गोठ्यात दोन म्हशी आणि एक काळीपांढरी गाय. रंगूबाई दारातच बसली होती. उंच, हडकुळी, गुडघ्यापर्यंत चोपून नेसलेलं लुगडं. तिनं मेघालीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तूच काय ती रगतवाली?" "हो, मावशी." "बस. पानी पी. उनातना आयलीस." पाण्याचा तांब्या पुढे करत ती म्हणाली, "मी तुझ्यावर रागवली व्हती. माझे शेवंतीचे कासंला काय झायलं नव्हतं. ती काडी घातली सडात न् ती माझ्याकडं अशी बघाया लागली, मना बघवला नाय." मेघालीनं पिशवीतून दूध तपासायची चार वाट्यांची प्लॅस्टिकची परात काढली, प्रत्येक सडातलं थोडं थोडं दूध घेतलं, वर औषध टाकून गोल गोल हलवलं. आजारी दूध असतं तर ते शेंबडासारखं घट्ट झालं असतं. चारही वाट्यांत ते पाण्यासारखं सरळ फिरत राहिलं. तिनं कासेला हात लावला. कास गार होती, मऊ होती. आयुष्यात पहिल्यांदा ती गाईच्या इतक्या जवळ बसली होती. गाईच्या पोटाची ऊब तिच्या कपाळाला लागत होती, आणि हाताखाली, कासेत, कुठेच काही नव्हतं.

"पानी पाजायची वेळ झायली," रंगूबाई म्हणाली. गोठ्याच्या मागे उतार होता आणि उताराखाली सिमेंटची डोण. म्हशी आपल्या आपण उतरून गेल्या. शेवंती उताराच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. पुढचे पाय तिनं फाकवले होते, कोपरं अंगापासून दूर धरली होती, पाठ वर कमानीसारखी. रंगूबाईनं हाक दिली, पुठ्ठ्यावर थोपटलं. गाय एक पाऊल पुढे टाकायची आणि मागे घ्यायची. "हे कधीपासून?" मेघालीनं विचारलं. "लई दिस झायले. मी बालदीनं वरतीच देते पानी. बोलली, म्हातारी झायली आसंल माझ्यासारखी." मेघाली त्या कोपरांकडे बघत राहिली. तिला ते उभं राहणं माहीत होतं. डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात, ओट्याला दोन्ही तळहात टेकून, कोपरं बाहेर काढून, पदरसुद्धा पोटाला लागू नये अशी आई उभी राहायची. कुकरच्या शिट्ट्या मोजते आहे असं वाटायचं. मेघाली डबा भरून घ्यायला यायची तेव्हा आई एका हातानं डबा सरकवायची आणि दुसरा ओट्यावरच ठेवायची. "काय गं?" "काही नाही, पित्त झालंय." मेघाली डबा घेऊन निघायची. तिला सात बेचाळीसची लोकल गाठायची असायची. आईच्या पोटात काय होतं ते कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, बरेच दिवसांचं आहे. आईनं कधी तक्रार केली नव्हती, पण उभी मात्र ती तशीच राहायची, रोज, सगळ्यांसमोर. आणि आत्ता या उतारावर मेघालीला एकदम उमगलं, की रक्तानं तिला खोटं सांगितलं नव्हतं. रक्त एवढंच म्हणालं होतं, की हिच्या आत कुठेतरी आग आहे. कुठे, ते त्यानं सांगितलंच नव्हतं. कास हा शब्द मेघालीचा होता. तिला तिथे आग हवी होती, म्हणून तिनं ती तिथे ठेवली होती.

तिनं तिथूनच प्रशांतना फोन लावला. ते दुपारी आले, मोटरसायकलवरून, घामेजलेले. त्यांनी गाईच्या खांद्यामागे पाठीवर दोन्ही हातांनी जोरात चिमटा घेतला. धडधाकट गाय अशा वेळी पाठ खाली वाकवते. शेवंतीनं वाकवली नाही. तिनं दात खाल्ल्यासारखा आवाज केला आणि खोलवर कण्हली. प्रशांतनी छातीशी कान लावला, परत चिमटा घेतला, परत तेच कण्हणं. "तार," ते म्हणाले. "पोटात तार आहे. गाय चारा चावून बघत नाही, मॅडम, ओढून गिळते. त्यातनं गेली असेल." त्यांनी कुंपणापलीकडच्या इमारतीकडे हनुवटी केली. सळया बांधायच्या काळ्या तारेचे तुकडे गवतात सगळीकडे पडले होते. मेघालीच्या चपलेखालीही एक होता. "मला आधीच सुचायला हवं होतं. पण रिपोर्ट वाचला आणि डोक्यात कासच बसली." ते तिच्याकडे न बघता म्हणाले, आणि त्यांनी तसं न बघितल्याबद्दल मेघालीला बरं वाटलं. ती रंगूबाईकडे वळली. "मावशी, माझं चुकलं. मी न बघता कासेचं लिहिलं. तुमची गाय उगाच इतके दिवस..." रंगूबाईनं तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "आता काय करायचा त्यो सांग."

पोट फाडावं लागणार होतं. गाय उभी ठेवूनच, डाव्या कुशीत, जागा बधिर करून. जयेशला बोलावून घेतलं. तो ऑफिसच्या कपड्यांतच आला आणि म्हणाला, "डॉक्टर, एवढं करून ती जगेल का? खरं बोला." "सांगता येत नाही. टोक कुठल्या बाजूला गेलंय त्यावर आहे. हृदयाकडे गेलं असेल तर नाही जगणार." जयेशनं आईकडे पाहिलं. म्हातारी गाईच्या तोंडाशी उभी होती आणि दावं तिनं मनगटाला गुंडाळून घेतलं होतं. "आई, ऐक. तिला आता त्रास नको देऊ." "तरास तिला व्हतोच हाय," रंगूबाई म्हणाली. "मी बघत नव्हती म्हनून काय नव्हता काय? फाडा तुम्ही." मग ती मुलाला म्हणाली, आवाज खाली आणून, "जयश्या, ही वाचली तरी मी येते तुझ्याकडं. पन हिला अशी टाकून नाय येनार." जयेशनं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि गाईचं शेपूट धरलं.

मेघालीचं काम पाण्याची बादली धरायचं होतं. प्रशांतचा हात कुशीतल्या चिरेतून खांद्यापर्यंत त्या अंधाऱ्या उबेत गेला, आणि त्यांचे डोळे माणूस फोनवर दूरचं ऐकताना होतात तसे झाले. पलीकडे इमारतीवर लोखंड कापायचं यंत्र सुरू होतं; त्याची किंकाळी मध्येच थांबली की गाईचा श्वास ऐकू यायचा. मेघालीनं रंगूबाईकडे पाहिलं. तिनं आपलं कपाळ गाईच्या कपाळाला टेकवलं होतं आणि ती गाईला काहीतरी सांगत होती, अगदी हळू, भांडल्यासारखं. दवाखान्यात आईच्या खाटेशी मेघाली अशीच जवळ बसली होती. पण तिनं आईला काही सांगितलं नव्हतं. ती मॉनिटरवरचे आकडे बघत होती. आकडे तिला वाचता येत होते. "मिळाली," प्रशांत म्हणाले. त्यांनी हात बाहेर काढला. बोटभर लांबीची, गंजलेली, एका टोकाला वळलेली तार होती. "भिंतीतून पार झालेली. टोक पुढे, हृदयाच्या बाजूलाच होतं. थोडक्यात राहिलंय." त्यांनी ती बादलीच्या काठावर ठेवली. एवढीशी. मेघाली तिच्याकडे बघत राहिली, आणि टाके घालून होईपर्यंत तिला दुसरीकडे बघवेना.

शेवंती जगली. पहिले काही दिवस प्रशांत रोज फोन करून सांगायचे, मग आठवड्यानं, मग थांबले. मेघालीनं आपल्या अभ्यासातून ती गाय बाजूला काढली आणि कारण लिहिलं. वरिष्ठांनी ते वाचून नुसतं "बरोबर" म्हटलं. दरम्यान तिच्या स्वतःच्या रक्ताची दुसरी तपासणी झाली. डॉ. प्राप्तीचा फोन आला तेव्हा ती डोंबिवलीला भाजी घेत होती. "मॅडम, एकदम नॉर्मल आलंय. असं होतं कधीकधी. कुठलं तरी बारीकसं इन्फेक्शन असेल, आलं आणि गेलं. आता विसरून जा." मेघालीनं आभार मानले. भाजीवाल्यानं कोथिंबीर पुढे केली होती, ती तिनं घेतली. हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिला वाटलं, की इतके दिवस घरात कोणीतरी राहायला आलं होतं आणि ते न सांगता निघून गेलं. काय होतं ते कधीच कळणार नव्हतं. विचारणारंही आता कोणी नव्हतं. ती घरी आली, भाजी निवडली, आणि एकटीपुरता भात लावताना तिला जाणवलं की आपण ओट्याला दोन्ही हात टेकून उभ्या आहोत. तिनं हात उचलले. पोटावर ठेवून पाहिले. काही दुखत नव्हतं. ती तशीच उभी राहून रडली, फार नाही, कुकरचं झाकण लावायचं राहिलं होतं तेवढा वेळ.

पावसाळा संपल्यावर ती पुन्हा मोहन्याला गेली. अभ्यासातून काढली असली तरी बरी झालेल्या गाईचं रक्त नोंदीसाठी तपासायला हवं, असं तिनं ऑफिसात सांगितलं. खरं तर नळी प्रशांतही पाठवू शकले असते. गोठ्याच्या जागी पत्रे उतरवून रचून ठेवले होते. शेजारच्या टपरीवाल्यानं सांगितलं, म्हातारी मुलाकडे गेली, म्हशी विकल्या, गाय वाशिंदच्या पुढे तिच्या भाच्याच्या घरी दिली. जयेशचा नंबर मेघालीकडे होता. ती खडकपाड्याला गेली. नवव्या मजल्यावरचा स्वच्छ, टाइल्स लावलेला फ्लॅट. जयेश आणि त्याची बायको कामावर गेलेले. रंगूबाई एकटीच होती; दार उघडून ती परत गॅलरीजवळच्या खुर्चीवर बसली. समोर टीव्ही चालू होता आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिनं पहिला प्रश्न विचारला, "तू बघून आयलीस तिला? कशी हाय?" "नाही गेले अजून. मला वाटलं इथेच..." "मना पन कोन नेत नाय," रंगूबाई म्हणाली. "जयेश चांगला हाय. सून बी चांगली हाय. सगला हातात देतान. पन त्यांना वाटतंय, मी बघितली तर परत जीव लागंल." ती उठली होती. "चल. तुझ्याबरोबर येते. चपला कुठं ठेवल्यान माझ्या?" मेघालीनं भाड्याची गाडी ठरवली आणि जयेशला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "गाडीत तिला पुढे बसवा, मॅडम. मागे तिला उलटी होते."

भाच्याच्या घरामागे कापणी झालेलं भाताचं शेत होतं आणि त्यात शेवंती चरत होती. अंगावर मांस धरलं होतं. कुशीवरची चीर केसांनी झाकत आली होती. रंगूबाई बांधावर थांबली. तिनं हाक मारली, पूर्वीच्याच आवाजात. गाईनं कान हलवला. मान वर केली नाही. रंगूबाईनं पुन्हा हाक मारली. गाय दोन पावलं पुढे सरकली, पण त्यांच्याकडे नाही, जिथं गवत दाट होतं तिकडे; तिथं छोटासा उतार होता आणि ती तो सरळ उतरून गेली. मेघालीला म्हातारीच्या चेहऱ्याकडे बघायची भीती वाटली. वाऱ्यानं लुगड्याचा पदर उडत होता, तो तिनं दातांत धरला होता. "खाते हाय," ती शेवटी म्हणाली. "पोट भरून खाते हाय. मंग झाला." आणि जरा वेळानं, "मना वाटला, वलखंल." मेघाली तिच्या शेजारी बांधावर उभी राहिली. मग भाच्यानं गाय धरली, मेघालीनं मानेवरची शीर शोधली आणि स्वतःच्या हातानं, पहिल्यांदाच, रक्त काढलं. नळी गरम होती. परतीच्या गाडीत रंगूबाई पुढच्या सीटवर बसून काचेतून बघत राहिली. खडकपाड्याला उतरताना तिनं विचारलं, "त्या रगताचा कवा समजंल?" "उद्या." "मना फोन कर. जयेशला नको. माझ्याकडं हाय फोन." तिनं कमरेच्या पिशवीतून छोटा बटणांचा फोन काढून दाखवला. "सकाली कर नाय तर दुपारी कर. मी हायेच."

दुसऱ्या दिवशी ताटलीतला तो खळगा रंग न चढता तसाच पांढरा राहिला. मेघाली फोन घेऊन जिन्यात गेली, कारण आत यंत्रांचा आवाज होता. पलीकडे पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला. बहुधा हातातच होता. "बोल." "मावशी, काही नाही निघालं. एकदम स्वच्छ आहे रक्त." "बरा झाला," रंगूबाई म्हणाली. निरोप एवढाच होता आणि तो संपला होता. आता फोन ठेवला जाईल म्हणून मेघाली वाट बघत राहिली. पलीकडून टीव्हीचा बारीक आवाज येत होता, आणि म्हातारीचा श्वास. "मंग?" रंगूबाई म्हणाली. "तुझा सांग. जेवलीस?" मेघाली "हो, ठीक" म्हणणार होती. शब्द ओठांवर आलेही होते. खाली रस्त्यावर एक टेम्पो मागे घेत होते, कोणीतरी "येऊ दे, येऊ दे" म्हणत होतं. "नाही," ती म्हणाली. "अजून नाही जेवले." "का गं?" मेघाली पायरीवर बसली, फोन दुसऱ्या कानाला लावला, आणि सांगायला लागली.